बाईक रायडिंगचा कोर्स: पैसे कधी भरायचे, कशाचे भरायचे आणि ते वसूल कसे करायचे

‘कोर्सची फी किती?’ महिन्यातून दोन-चार जण तरी मला हे विचारतात. कुणी नवी बाईक बुक केलेली असते, कुणाचा मुलगा कॉलेजला जायला लागलेला असतो, कुणी स्कूटरवरून गिअरच्या गाडीवर येत असतं. आकडा ऐकला की अर्धे जण ‘एवढे?’ म्हणून विषय सोडतात. उरलेले सगळ्यात स्वस्त कोर्स बघून पैसे भरतात. दोन्हींत नुकसान आहे, कारण फी हा चौथा-पाचवा प्रश्न आहे आणि आपण तो पहिला विचारतो.

मी मुलुंडहून अंधेरीला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने रोज बाईकने ये-जा करतो. आजवर दोन कोर्स केले. पहिल्या कोर्सचे पैसे जवळजवळ वाया गेले, दुसऱ्याने माझी ब्रेक मारायची सवय मुळापासून बदलली. दोन्हींच्या फीमध्ये फार फरक नव्हता. फरक होता तो निवडीत आणि तयारीत. म्हणून क्रमाने सांगतो.

टप्पा १: तुम्हाला कोणता कोर्स हवा ते ठरवा

‘कोर्स’ या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात.

१. मोटार ट्रेनिंग स्कूलचं शिकवणं. गाडी चालू कशी करायची, क्लच-गिअर, सिग्नल, आरटीओच्या चाचणीत आठ कसा काढायचा. जो आयुष्यात पहिल्यांदा दुचाकीवर बसतोय, त्याच्यासाठी हे.

२. रस्त्यावरच्या सुरक्षेचा कोर्स. एक किंवा दोन दिवसांचा, बंद मैदानावर, बहुधा स्वतःच्याच गाडीवर. अचानक ब्रेक, अडथळा चुकवणं, हळू वेगातला तोल, वळण. ज्याला गाडी ‘येते’, पण कधी कुणी शिकवलेली नाही, त्याच्यासाठी हे. म्हणजे मुंबईतल्या बहुतेक बाईकवाल्यांसाठी.

३. ट्रॅक स्कूल. मोठ्या वेगात वळण घेण्याचं तंत्र. त्यासाठी आपल्याकडची मंडळी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या नाहीतर कोईमतूरच्या ट्रॅकवर जातात. रेसिंग सूट, गाडीची वाहतूक आणि प्रवास धरला की नुसती फी हा खर्चातला एक भाग उरतो.

सगळ्यात जास्त चूक दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात होते. नवी चारशे सीसीची गाडी घेतली म्हणून थेट ट्रॅकवर जाऊ नका. घाटकोपरच्या गर्दीत रिक्षा अचानक थांबली तर काय करायचं, हे ट्रॅकवर कुणी शिकवत नाही. आधी दुसरा प्रकार. वर्षभर रस्त्यावर काढल्यावरही हौस टिकली तर तिसरा.

सावधान: परदेशी व्हिडिओ बघून अपेक्षा ठेवू नका. अमेरिकेत अनेक राज्यांत ठरावीक कोर्स केला की लायसन्सची गाडी चालवून दाखवायची चाचणी माफ होते, विम्यातही सवलत मिळू शकते. ब्रिटनमध्ये तर १९९० पासून रस्त्यावर येण्याआधीचं मूलभूत प्रशिक्षणच सक्तीचं आहे. आपल्याकडे एका दिवसाच्या खासगी कोर्सच्या सर्टिफिकेटने आरटीओची चाचणी चुकत नाही आणि थर्ड पार्टी विम्याचा हप्ता तर सरकारच ठरवतं. ‘आमचं सर्टिफिकेट दाखवा, विमा स्वस्त होईल’ असं कुणी म्हणालं, तर तुमच्या विमा कंपनीकडून ते लेखी घ्या आणि मगच विश्वास ठेवा.

टप्पा २: लायसन्सचं काम आधी उरकून घ्या

मैदान बंद आहे म्हणून लायसन्स लागत नाही असं समजून लोक येतात आणि गेटवरूनच परत जातात. तिथे तुम्हाला घेतलं, तरी मैदानापर्यंत गाडी रस्त्यावरूनच न्यायची आहे.

शिकाऊ लायसन्स परिवहन खात्याच्या ‘सारथी’ पोर्टलवरून निघतं. आधार जोडलेलं असेल तर परीक्षा घरबसल्या देता येते. ते सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सची चाचणी तीस दिवस झाल्याशिवाय देता येत नाही. केंद्रीय नियमांप्रमाणे शिकाऊ लायसन्सचे १५० रुपये, त्याच्या परीक्षेचे ५०, चाचणीचे ३०० आणि पक्क्या लायसन्सचे २०० असे एका प्रकारच्या गाडीला ७०० रुपये होतात. पोर्टलचे आणि कार्डाचे किरकोळ आकार वेगळे. हे आकडे पाठ ठेवा, कारण ‘लायसन्ससकट पॅकेज’ म्हणून मोठी रक्कम सांगितली जाते, तेव्हा त्यातले सरकारी किती आणि शिकवण्याचे किती हे त्यावरूनच कळतं.

स्कूटरचं, म्हणजे बिनगिअरचं लायसन्स असेल तर त्यावर गिअरची बाईक चालवता येत नाही. त्या प्रकाराची भर लायसन्सवर घालून घ्यावी लागते. अंधेरी असो, वडाळा असो की ताडदेव, बरीच मंडळी हे चाचणीच्या दिवशीच शिकतात.

ट्रेनिंग स्कूलमध्ये जाणार असाल तर फी देण्याआधी नमुना ११ मधला परवाना दाखवायला सांगा. हा परवाना पाच वर्षांचा असतो, त्यावरची तारीख वाचा. प्रशिक्षण संपल्यावर स्कूलने नमुना ५ मधलं प्रमाणपत्र द्यायचं असतं, तेही आधीच विचारून ठेवा.

तपासा: लायसन्सवर तुमच्या गाडीचा प्रकार, विमा चालू, पीयूसी चालू. शिकाऊ लायसन्स असेल तर पुढे-मागे ‘एल’, आणि शिकवणाऱ्याखेरीज मागे कुणीही नाही.

टप्पा ३: फी बघू नका, सीटवरची मिनिटं मोजा

हा टप्पा नीट वाचा, कारण पैसे इथेच वाया जातात.

कोर्स ‘आठ तासांचा’ असतो. त्यात नोंदणी, चहा, पडद्यावरची चित्रफीत, जेवण, सर्टिफिकेट वाटप आणि फोटो असतात. तुम्ही गाडी चालवताय आणि एक जाणता माणूस फक्त तुमच्याकडे बघून चूक सांगतोय, असा वेळ किती? तुम्ही पैसे मोजता ते त्या वेळाचे.

हिशोबासाठी दोन कल्पित कोर्स घेऊ. पहिल्याची फी ३,००० रुपये, दिवस पूर्ण, वीस जण, एकच लेन. अर्धा दिवस भाषणात गेला आणि उरलेल्या वेळात रांगेत उभं राहून प्रत्येकाच्या वाट्याला प्रत्यक्ष चाळीस मिनिटं आली. म्हणजे मिनिटाला ७५ रुपये. दुसऱ्याची फी ६,५०० रुपये, सहा जण, दोन शिकवणारे, वाट्याला दीडशे मिनिटं. मिनिटाला साधारण ४३ रुपये. दुपटीहून महाग दिसणारा कोर्स प्रत्यक्षात स्वस्त पडला. मी केलेला पहिला कोर्स अगदी या ३,००० वाल्यासारखा होता. अख्ख्या दिवसात मी ब्रेकचा सराव तीनदा केला. मला आठवतं ते रांगेतलं ऊन.

म्हणून फोनवर हे प्रश्न विचारा, याच क्रमाने:

– एका शिकवणाऱ्यामागे किती जण?
– मैदानावरचा वेळ किती, वर्गातला किती?
– इमर्जन्सी ब्रेकचा सराव प्रत्येकाला किमान किती वेळा मिळतो?
– गाडी माझी की तुमची? तुमची असेल आणि पडली तर नुकसान कुणी भरायचं? डिपॉझिट किती?
– मैदान डांबरी आहे की मातीचं, आणि त्याची रीतसर परवानगी आहे का?
– जागेवर प्रथमोपचार आणि हॉस्पिटलला न्यायला गाडी आहे का?
– पाऊस आला तर कोर्स रद्द, पुढे ढकलणार की पावसातच घेणार? पैसे परत मिळतात का?

तिसऱ्या प्रश्नाला जो आकडा सांगू शकत नाही, त्याच्याकडे जाऊ नका. ‘सगळ्यांना भरपूर मिळतं’ याला उत्तर म्हणत नाहीत.

आता लपलेला खर्च. मैदान पनवेल किंवा कर्जतच्या बाजूला असेल तर जाण्या-येण्याचं पेट्रोल आणि वेळ धरा. बाईकला अटल सेतू बंद, मुंबई-पुणे एक्सप्रेस वेही बंद. म्हणजे वाशीच्या पुलावरून सायन-पनवेल हायवेने जायचं. सकाळी आठला पोचायचं असेल तर बोरिवलीकराला पहाटेच निघावं लागतं आणि झोपमोड करून गेलेला माणूस दुपारी काहीच शिकत नाही. दिवसभर जोरात ब्रेक मारून ब्रेक पॅड आणि टायर झिजतात. तुमचा पगार रोजावर असेल तर बुडालेला दिवसही खर्चातच धरा.

समोरच्या पारड्यात काय? साधा पडण्याचा हिशोब घ्या. हँडल, लिव्हर, इंडिकेटर, फुटरेस्ट, मनगटाचा एक्स-रे आणि आठवडाभर ट्रेन-रिक्षा. त्यात विम्याचा क्लेम केलात तर नो क्लेम बोनस जातो. हा बोनस पहिल्या वर्षी २० टक्के असतो आणि सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत पोचतो. एक पडणं टळलं तरी चांगल्या कोर्सची फी भरून निघते.

पण मनापासून एक सांगतो. कोर्स केला म्हणजे अपघात होणार नाही, असं कुणीही विकू नये आणि कुणी विकत घेऊ नये. २०१० मध्ये कॉक्रेन या आरोग्यविषयक संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात बाईक प्रशिक्षणावरचे २३ अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यांचा दर्जा इतका कमी-जास्त होता की प्रशिक्षणाने अपघात घटतात की नाही, हे ठामपणे सांगता आलं नाही. दुसरीकडे, २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतले ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरचे होते. मी या दोन्हींचा अर्थ असा लावतो: सर्टिफिकेट वाचवत नाही. वाचवते ती सवय, आणि कोर्समधून तुम्ही फक्त त्या सवयीची सुरुवात विकत घेता. म्हणून सातवा टप्पा गाळू नका.

टप्पा ४: हेल्मेट आणि बूट कोर्सच्या आधी

एकूण बजेट आठ-दहा हजार असेल तर सगळं फीमध्ये घालू नका. आधी हेल्मेट, मग हातमोजे, मग घोटा झाकणारे बूट, आणि त्यानंतर कोर्स. सराव करताना पडण्याची शक्यता रोजच्यापेक्षा जास्त असते, कमी नाही.

हेल्मेटवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४१५१ हा क्रमांक हवा. अर्धं हेल्मेट नको, हनुवटी झाकणारं घ्या. दुकानात घातल्यावर पट्टा बांधा, मागून कडेला धरून पुढे ओढा. हेल्मेट डोक्यावरून निघालं तर एक साईज लहान बघा. गाल दाबले जायला हवेत, कपाळावर मात्र ठणका नको. पाच मिनिटं डोक्यावर तसंच ठेवून दुकानात फिरा. पडलेलं किंवा कुणाचं जुनं हेल्मेट वापरू नका, आतला थर दबलेला बाहेरून दिसत नाही.

टप्पा ५: आदल्या आठवड्यात गाडी तयार करा

आदल्या दिवशी सर्व्हिसिंगला टाकू नका. पाच-सहा दिवस आधी टाका, म्हणजे काही ढिलं राहिलं तर रोजच्या जाण्या-येण्यात कळेल.

टायरमध्ये हवा पेट्रोल पंपवाल्याच्या अंदाजाने नाही, तर चेन कव्हर किंवा स्विंग आर्मजवळच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याजवळच्या) स्टिकरवर लिहिलंय तेवढी, आणि टायर थंड असताना. टायरच्या खाचेतल्या झिजेच्या खुणा पृष्ठभागाला टेकल्या असतील तर आधी टायर बदला. चेनचा ढिलेपणा मॅन्युअलप्रमाणे. ब्रेकची आणि क्लचची लिव्हर अशा कोनात हवी की हात सरळ पुढे केला की बोटं तिच्यावर पडतील, मनगट वर वळवावं लागणार नाही. पाच मिनिटांचं, पान्याचं काम आहे, मेकॅनिककडून करून घ्या. माझी निम्मी मनगटदुखी तेवढ्याने गेली.

तपासा: तुमच्या गाडीत कोणता ब्रेक आहे? एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि १२५ सीसीपर्यंतच्यांना सीबीएस (दोन्ही ब्रेक जोडलेले) किंवा एबीएस सक्तीचं झालं. सिंगल चॅनल एबीएस असेल तर ते फक्त पुढच्या चाकाला असतं, मागचं चाक अजूनही लॉक होतं. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. शिकवणाऱ्याला हे पहिल्या दहा मिनिटांत सांगा, कारण तो सराव त्याप्रमाणे बदलतो.

टप्पा ६: मैदानावर – हळूपासून जोराकडे

चांगला कोर्स हळू वेगाने सुरू होतो. पहिल्या तासात तुम्हाला चालत्या माणसाच्या वेगात सरळ रेषेत गाडी न्यायला लावतात: हाफ क्लच, थोडी रेस, मागचा ब्रेक किंचित दाबलेला, नजर लांब. लोकांना हे पोरखेळ वाटतं. कुर्ल्याच्या एलबीएस मार्गावर संध्याकाळी सातला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

मग ब्रेक. माझ्या दुसऱ्या कोर्समध्ये डांबरावर खडूची एक जाड रेघ होती. ताशी चाळीसने यायचं, रेघेवर ब्रेक, जिथे पुढचं चाक थांबेल तिथे मदतीला असलेला पोरगा खडूने कितवी फेरी तो आकडा लिहायचा. माझा ‘१’ सगळ्यांमध्ये शेवटून दुसरा होता. माझं सगळं वजन मागच्या ब्रेकवर, मागचं चाक किंचाळत सरकलं आणि गाडी तिरकी झाली. पुढच्या ब्रेकला मी घाबरत होतो. ‘पुढचा मारलास तर उडशील’ हे लहानपणी सायकलवर ऐकलेलं वाक्य तीस वर्षं बोटांत बसलं होतं.

शिकवणारे जवळ आले, माझ्या हातावर हात ठेवून लिव्हर दाबून दाखवली आणि म्हणाले, “लिंबू पिळतो तसं पिळायचं. झटका नाही. आधी हलकं, वजन पुढे आलं की मग घट्ट.” ब्रेक लागताच गाडीचं आणि तुमचं वजन पुढच्या चाकावर येतं, टायर रस्त्याला जास्त दाबला जातो आणि तेव्हाच पुढचा ब्रेक खरा काम करतो. वजन येण्याआधी झटका मारला तर चाक लॉक होतं. सगळी मेख त्या पाव-अर्ध्या सेकंदात आहे. माझा ‘१४’ पहिल्या ‘१’च्या पाच-सहा पावलं अलीकडे होता. एखाद्या बसच्या मागच्या बंपरपासून पाच-सहा पावलं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

याच वेळी वेगाचा हिशोब डोक्यात बसवून घ्या. ताशी चाळीसला सेकंदाला ११ मीटर जातात, साठला जवळपास १७. धोका दिसून बोटं हलेपर्यंत एक सेकंद धरा. मग कोरडा रस्ता आणि चांगले टायर असताना चाळीसवरून थांबायला एकूण वीस-बावीस मीटर लागतात आणि साठवरून चाळीसच्या आसपास. वेग दीडपट, पण नुसतं ब्रेकचं अंतर सव्वादोनपट.

ब्रेक जमल्यावर अडथळा चुकवणं. डावीकडे जायचं तर डावं हँडल पुढे ढकलायचं. वाचताना उलटं वाटतं, वेगात गाडी अशीच वळते. ब्रेक आणि चुकवणं एकाच वेळी नाही: आधी ब्रेक, सोडा, मग ढकला. आणि नजर अडथळ्यावर नाही, मोकळ्या जागेवर. ज्या खड्ड्याकडे बघाल त्यातच चाक जातं.

सावधान: दमलात तर थांबा. हात कापायला लागले, क्लच उशिरा सुटायला लागला की दहा मिनिटं सावलीत बसा, पाणी प्या. शेवटच्या तासात ‘अजून एकदा’ म्हणत केलेल्या फेरीत मी दोघांना पडताना पाहिलंय.

तपासा: दिवस संपताना शिकवणाऱ्याला विचारा, ‘माझी सगळ्यात मोठी एक चूक कोणती?’ उत्तर लिहून घ्या. सर्टिफिकेटपेक्षा तो कागद जपा.

टप्पा ७: नंतरचे चार आठवडे

पहिला आठवडा रोजच्याच रस्त्याने जा, पण ताशी दहाने कमी. नवं शिकलेलं अंगात मुरेपर्यंत जुनी सवय मध्येच डोकावते. कोर्सनंतर ‘आता येतं मला’ असं वाटण्याचे हेच दिवस सगळ्यात वाईट.

दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात, रविवारी सकाळी, अर्धा तास ब्रेकचा सराव. चालू रस्त्यावर नाही. सोसायटीचं मोकळं पार्किंग, कंपनीचं आवार, परवानगी असलेलं मैदान. वीसपासून सुरू करून चाळीसपर्यंत, वीस-पंचवीस वेळा. एक माणूस सोबत ठेवा, तो बाजूने बघेल आणि गरज पडली तर मदतीला असेल.

चौथ्या आठवड्यात एकच गोष्ट पाळा: बेस्टच्या बसच्या डाव्या बाजूने जायचं नाही. बस स्टॉपसाठी डावीकडे येते, ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही आणि फुटपाथमुळे तुम्हाला पळायला जागा नसते. जोगेश्वरी-विक्रोळी रोडवर हा मोह मला रोज होतो. मी एक ते पाच मोजतो आणि मागेच राहतो.

टप्पा ८: पावसाआधी उजळणी

कोर्स एकदाच, उजळणी दरवर्षी. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात टायर बघा, ब्रेक पॅड बघा आणि एका रविवारी मैदानावर जा. जूनचा पहिला पाऊस सगळ्यात घसरडा, कारण रस्त्यावर साठलेलं तेल वर येतं. पहिले दोन-तीन दिवस जमलं तर ट्रेनने जा.

पावसात या चार जागी ब्रेक नको आणि गाडी वाकवणंही नको: मेट्रोच्या कामावरच्या लोखंडी पट्ट्या, फ्लायओव्हरचे धातूचे सांधे, झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, पेव्हर ब्लॉक. मी पडलो तो अशाच एका लोखंडी पट्टीवर, ताशी पंचवीसने. पट्टीच्या आधी वेग कमी करा, वरून गाडी सरळ जाऊ द्या, मग पुन्हा रेस.

मागे कुणाला बसवणार असाल तर उजळणीच्या दिवशी त्यांनाही न्या. डबलसीट असताना ब्रेकला किती अंतर लागतं, हे एकदा खडूची रेघ मारून दोघांनीही बघा. माझी बायको त्या दिवसापासून गाडीवर बसली की हेल्मेटचा पट्टा लावल्याची ‘टक’ ऐकू आल्याशिवाय मला निघू देत नाही.